घटका नव्हे, गरज ओळखावी : हृदयरुग्ण आणि उपशामक सेवा

'पॅलिएटिव्ह केअर' म्हणजेच उपशामक सेवा हे शब्द उच्चारले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कर्करोगाचा रुग्ण उभा राहतो. यात नवल नाही. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करून या शाखेचा आधुनिक पाया घातला, तो प्रामुख्याने कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांकडे पाहूनच. भारतातील पहिले हॉस्पिस, मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना, १९८६ साली सुरू झाले, तेही कर्करोगाच्या रुग्णांसाठी. १९९३ साली केरळातील कोझिकोड येथे 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी'चे कार्य सुरू झाले. केरळातील या चळवळीने ही सेवा रुग्णाच्या घरापर्यंत नेली आणि कालांतराने कर्करोगाखेरीज इतर दीर्घ आजारांच्या रुग्णांनाही आपल्या कक्षेत घेतले.

प्रत्यक्षात गरज कोणाला किती आहे, हे पाहू गेल्यास चित्र निराळेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उपशामक सेवेची गरज असलेल्या प्रौढांमध्ये सर्वांत मोठा वाटा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा, म्हणजे सुमारे ३८.५ टक्के होता. कर्करोगाचा वाटा सुमारे ३४ टक्के होता. संघटनेच्याच अंदाजाप्रमाणे ज्यांना अशा सेवेची गरज आहे, त्यांपैकी जगभरात सुमारे १४ टक्के व्यक्तींनाच ती मिळते. ज्या विकारात गरज सर्वाधिक, त्याच विकाराच्या रुग्णाकडे या दृष्टीने सहसा पाहिले जात नाही, ही विसंगती कशी निर्माण झाली आणि सर्वसाधारण रुग्णालयात ती कशी दूर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक प्रातिनिधिक चित्र

विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून आपण एक चित्र डोळ्यांपुढे ठेवू. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. पण ज्याने काही काळ मेडिसिनच्या वॉर्डात काम केले आहे, त्याला ते अनोळखी वाटणार नाही.

एस. टी. महामंडळातून निवृत्त झालेले बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ. सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा तीव्र झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मात्र कायमचा दुबळा झाला. गेल्या वर्षभरात ते तीन वेळा दम लागून दाखल झाले. प्रत्येक वेळी शिरेतून लघवी वाढविणारे औषध दिले गेले, चार-पाच दिवसांत पायांची सूज उतरली आणि डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती स्थिर' असे लिहून त्यांना घरी पाठविण्यात आले.

त्या कार्डावरचे एक अक्षरही खोटे नव्हते. पण कार्डावर जे आले नाही, ते असे. सहा महिन्यांत हे गृहस्थ एकदाही आडवे होऊन झोपलेले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते रात्र काढतात. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नीही जागी असते. कोठे लग्नकार्याला किंवा बँकेत जायचे असले की ते लघवीची गोळी चुकवितात, कारण वाटेत सोय नसते. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात. 'मी यातून बरा होणार का?' हा प्रश्न ते डॉक्टरांना विचारीत नाहीत, कारण डॉक्टर घाईत असतात; आणि पत्नीला विचारीत नाहीत, कारण तिला रडू येईल.

या चारही गोष्टी उपशामक सेवेच्या गरजा आहेत. त्या लपविलेल्या नव्हत्या. कोणी विचारले नाही, एवढेच.

हृदयविकाराची वाट निराळी

कर्करोगात पुष्कळदा प्रकृती दीर्घ काळ बऱ्यापैकी राहते व अखेरच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती ठळकपणे खालावते. ही उतरण घरच्यांना दिसते आणि डॉक्टरांनाही. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची किंवा स्वतःत सामावून घेण्याची शक्ती क्षीण होणे, या विकाराची वाट तशी नसते. एडिंबरो येथील डॉ. स्कॉट मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दीर्घ आजारांच्या वाटचालीचे जे तीन प्रकार विशद केले, त्यांत हा प्रकार स्वतंत्रपणे दाखविला आहे. रुग्ण जणू जिना उतरत असतो. तीन पायऱ्या घसरतो आणि उपचारांनी दोन पायऱ्या पुन्हा चढतो. त्या दोन पायऱ्यांच्या आनंदात गमावलेली तिसरी पायरी कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय या आजारात हृदयाची लय अचानक बिघडून, फारशी पूर्वसूचना न देता मृत्यू येण्याचाही संभव असतो. त्यामुळे 'अखेरची अवस्था आली की बघू' असे म्हणत थांबलेल्या डॉक्टरांना ती अवस्था पुष्कळदा दिसतच नाही.

आजाराचे गांभीर्यही आपण कमी लेखतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांत २०१३ या वर्षात हार्ट फेल्युअरमुळे दाखल झालेल्या १२०५ रुग्णांचा पाठपुरावा तेथील संशोधकांनी केला. या रुग्णांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते. पाच वर्षांच्या अखेरीस त्यांपैकी ५९ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते. अनेक प्रकारच्या कर्करोगांपेक्षाही हे प्रमाण गंभीर आहे. तरीही कर्करोगाचे नाव ऐकून जे कुटुंब हादरते, तेच 'हृदय थोडे कमजोर आहे' हे वाक्य ऐकून निर्धास्त होते. आपल्या देशात यात आणखी एका गटाची भर पडते. लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या, असे रुग्ण पुष्कळदा ऐन तारुण्यात असतात. त्यांच्या घरात लहान मुले असतात आणि त्यांच्या गरजा वृद्ध रुग्णांपेक्षा वेगळ्या असतात.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, उपशामक सेवा म्हणजे उपचार थांबविणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येतच ही सेवा आजाराच्या सुरुवातीच्या काळापासून, इतर उपचारांच्या जोडीने द्यावयाची आहे, असे स्पष्ट केले आहे. हृदयरोगाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. लघवी वाढविणारे औषध फुप्फुसांत साचलेले पाणी कमी करून दम हलका करते. तो हृदयाचा उपचार आहे आणि उपशमनही आहे. ते बंद करून रुग्णाला आराम कसा मिळेल? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हार्ट फेल्युअरच्या १५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांना उपशामक सेवेची जोड मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, सहा महिन्यांनी अधिक सुधारलेले आढळले. चिंता आणि नैराश्यही कमी झाले. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हार्ट फेल्युअरच्या सर्वच रुग्णांना अशी सेवा मिळावी, अशी शिफारस केली आहे.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. रुग्णाचे किती दिवस उरले आहेत हे कळल्याशिवाय उपशामक सेवा सुरू करता येत नाही, असे पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते. या समजुतीतूनच 'हा रुग्ण येत्या वर्षभरात मृत्यू पावला, तर मला आश्चर्य वाटेल का?' हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारावा, अशी पद्धत रूढ झाली. हा प्रश्न निरर्थक नाही. तो डॉक्टरला क्षणभर थांबवून विचार करावयास लावतो. परंतु कर्करोगाव्यतिरिक्त आजारांत भाकीत म्हणून तो फारसा भरवशाचा नाही, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. यास्तव प्रश्नाची दिशाच बदलणे आवश्यक आहे. घटका मोजण्याचे काम आपल्याला नीट जमत नाही. गरज ओळखण्याचे काम मात्र जमण्यासारखे आहे, कारण गरज आज, आत्ता, रुग्णाच्या सांगण्यात हजर असते.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा

एडिंबरो विद्यापीठात २०१० साली तयार झालेले 'स्पिक्ट' हे एका पानाचे साधन आज अनेक देशांत वापरले जाते. त्यात मृत्यूचे भाकीत मागितलेले नाही. प्रकृती खालावत असल्याच्या खुणा तेवढ्या दिल्या आहेत. त्यांचा आशय आपल्या वॉर्डाच्या भाषेत असा मांडता येईल :

१. पूर्वनियोजित नसताना वारंवार दाखल व्हावे लागणे.
२. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ खाटेवर किंवा खुर्चीत जाणे आणि त्यात फारशी सुधारणा होण्याची शक्यता नसणे.
३. अंघोळ, कपडे, शौच यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे.
४. वजन व अंगावरील मांस सतत कमी होत जाणे.
५. योग्य औषधे पूर्ण मात्रेत चालू असतानाही त्रास कायम राहणे.
६. सेवा करणाऱ्या व्यक्तीलाच मदतीची गरज भासू लागणे.
७. रुग्णाने किंवा कुटुंबाने स्वतःहून 'आता फार धावपळ नको, त्रास तेवढा कमी करा' असे म्हणणे.

याखेरीज हृदयरोगाची म्हणून सांगितलेली खास खूण अशी : हार्ट फेल्युअर किंवा उपचारांच्या पलीकडे गेलेला हृदयरोहिण्यांचा विकार असून बसल्या जागी अथवा किरकोळ हालचालीनेही दम लागणे वा छातीत दुखणे.

चौथ्या खुणेबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साचत असल्यामुळे वजनाचा काटा फसवितो. मांस झडत असते आणि पाणी वाढत असते. बेरीज मात्र तेवढीच राहते. अशा वेळी दंड, गाल आणि गळपट्टीच्या हाडांभोवतीचे खळगे पाहावेत. बांगड्या किंवा अंगठी सैल झाली का, हेही विचारावे.

विचारल्याशिवाय न कळणाऱ्या गरजा

वरील खुणा संशय निर्माण करतात. गरज नेमकी कोणती, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी विचारावे लागते. ऑस्ट्रेलियात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी तयार झालेल्या गरज-तपासणीच्या एका साधनात रुग्णाचे स्वास्थ्य, सेवा करणाऱ्या व्यक्तीची क्षमता आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे स्वास्थ्य या तिन्हींची वेगवेगळी विचारणा केलेली आहे. ही विभागणी मोलाची आहे. आपल्याकडील परिस्थिती लक्षात घेता तिच्यात आर्थिक अडचणीची आणि माहितीच्या गरजेची भर घालणे उचित ठरेल.

'कसे काय वाटते?' या प्रश्नाला आपल्याकडे 'बरे आहे' हेच उत्तर येते. ते सभ्यतेचे उत्तर आहे, प्रकृतीचे नव्हे. म्हणून प्रश्न ठोस असावेत.

शरीराविषयी : 'रात्री उशाला किती उशा घेता? बसून झोपावे लागते का?' 'पूर्वी करीत होता आणि आता सोडून दिले, असे काय काय आहे?' हा दुसरा प्रश्न फार उपयुक्त आहे. दम लागू नये म्हणून रुग्ण नकळत एकेक काम सोडत जातो. प्रथम जिना, मग भाजी आणणे, मग देवळात जाणे, अखेरीस अंघोळीला बसणे. हालचालच उरली नाही की दमही लागत नाही, आणि तो 'त्रास नाही' असे सांगतो. त्याशिवाय भूक, मळमळ, कोरडे तोंड, खाज, बद्धकोष्ठता आणि अंगदुखी यांविषयी वेगळे विचारावे. हृदयरुग्णाला वेदना नसते, हा समज चुकीचा आहे.

मनाविषयी : 'दिवसभरात कशात मन लागते का?' 'रात्री जाग आली की कसला विचार येतो?' पुन्हा तसाच दम लागेल आणि घरात कोणी नसेल, ही भीती कित्येकांना घेरून असते. नैराश्याची झोप न लागणे, थकवा, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे हृदयाच्या आजारातही आढळतात. त्यामुळे नैराश्य 'हे आजाराचेच आहे' म्हणून निसटते.

श्रद्धेविषयी व अर्थाविषयी : 'अडचणीच्या काळात तुम्हाला कशाने धीर येतो?' 'काही करावयाचे राहून गेले आहे, असे वाटते का?' वर्षानुवर्षे वारी केलेल्या माणसाला ती चुकल्याची खंत दमापेक्षाही अधिक सलत असू शकते.

सेवा करणाऱ्या व्यक्तीविषयी : हा प्रश्न रुग्णाच्या समोर विचारू नये. बाजूला घेऊन विचारावे, 'ताई, तुम्ही स्वतः किती तास झोपता? तुमची स्वतःची औषधे वेळेवर घेता का?' या प्रश्नावर पुष्कळ स्त्रियांच्या डोळ्यांत पाणी येते, कारण तो त्यांना पहिल्यांदाच विचारलेला असतो.

पैशांविषयी : 'औषधे परवडतात का?' असे विचारल्यास संकोचाने 'हो' असे उत्तर येते. 'महिनाअखेरीस कोणती गोळी बंद ठेवावी लागते?' असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

माहितीविषयी : 'तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले गेले आहे? आणखी जाणून घ्यावेसे वाटते का, की घरातील कोणाशी आम्ही बोललेले बरे?'

गरज कळल्यावर

प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारी येते. नोंद करून कागद फाइलला लावणे म्हणजे सेवा नव्हे. सुदैवाने आढळणाऱ्या बऱ्याच गरजा साध्या उपायांनी हलक्या होतात.

दम लागत असेल तर प्रथम हृदयाचे उपचार पूर्ण आहेत का, हे पाहावे. आहारातील मीठ, चुकलेल्या गोळ्या, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, जंतुसंसर्ग, हृदयाची बिघडलेली लय यांपैकी कोणतेही कारण सुधारण्याजोगे असू शकते. त्यानंतर पाठीला टेकू देऊन बसणे, कामे दिवसभरात वाटून घेणे, चेहऱ्यावर छोट्या पंख्याची झुळूक घेणे हे उपाय शिकवावेत. ज्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पुरेसे आहे, त्याला ऑक्सिजन लावून दम कमी होतोच असे नाही. घरी सिलिंडर आणण्याचा खर्च करण्यापूर्वी हे कुटुंबाला सांगणे आवश्यक आहे. इतके करूनही त्रास असह्य असेल तर निवडक रुग्णांत प्रशिक्षित डॉक्टर अल्प मात्रेत मॉर्फिनचा विचार करतात. मूत्रपिंडे दुबळी असल्यास त्याची द्रव्ये शरीरात साचतात, म्हणून विशेष दक्षता लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ही औषधे मिळविणे दीर्घकाळ किचकट होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ती वाट सुकर केली.

वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेणे हार्ट फेल्युअरच्या रुग्णास घातक ठरू शकते. त्या शरीरात मीठ-पाणी साठवितात व मूत्रपिंडांवर ताण आणतात. केवळ हा एक प्रश्न विचारल्याने एखादे दाखल होणे टळू शकते. लघवीची गोळी चुकविणाऱ्या रुग्णाला रागावण्याऐवजी, बाहेर जाण्याच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांनी ठरवून द्यावे.

ज्यांच्या छातीत विजेचा झटका देऊन लय सुधारणारे यंत्र बसविलेले आहे, त्यांच्याशी एका विषयावर वेळीच बोलले पाहिजे. अखेरच्या घटकांत हे यंत्र वारंवार झटके देऊन वेदना वाढवू शकते. शस्त्रक्रियेविना, बाहेरून, त्यातील झटक्याची क्रिया बंद ठेवता येते. मंद गतीसाठी बसविलेल्या पेसमेकरची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. हा फरक कुटुंबाला समजावून सांगावा.

'त्यांना काही सांगू नका'

हे वाक्य आपल्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. त्यामागे प्रेम असते, म्हणून त्याचा अवमान करू नये. पण रुग्णाला पुष्कळदा सर्व काही उमगलेले असते. तो घरच्यांना जपत असतो आणि घरचे त्याला. दोघेही एकाच खोलीत एकेकटे पडतात. अशा वेळी रुग्णाला सत्य सांगायचे की नाही, हा वाद घालण्यापेक्षा त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारण्याची परवानगी कुटुंबाकडून घ्यावी. मग शांतपणे म्हणता येते, 'औषधे चालूच राहतील. पण हा आजार मध्येच उचल खातो. पुन्हा तसे झाले तर काय करायचे, कोणाला बोलवायचे, अतिदक्षता विभागात जायचे की नाही, हे आज आपण ठरवून ठेवू.'

अशा इच्छेला आता कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला वैधता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येते.

हे काम कोणी व केव्हा करावे

हृदयरोगतज्ज्ञाने एकट्याने हे सर्व करावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. रुग्ण रात्री बसून झोपतो, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक असते. ताट अर्धे परत जाते, हे वॉर्डातील मावशींना दिसते. बिलाच्या खिडकीपाशी कोण घुटमळते, हे समाजसेवकाला कळते. या माहितीचे तुकडे एकत्र येण्यासाठी निश्चित वेळा ठरविल्या पाहिजेत : वर्षभरात दुसऱ्यांदा अनियोजित दाखल होणे, शस्त्रक्रिया वा अन्य प्रक्रिया शक्य नाही असा निर्णय होणे, रक्तदाब किंवा मूत्रपिंडे साथ देत नाहीत म्हणून औषधे कमी करावी लागणे, आणि प्रत्येक डिस्चार्जचा दिवस. या प्रसंगी अर्धा तास काढून वरील प्रश्न विचारावेत आणि प्रत्येक गरजेपुढे ती कोण भागविणार, हे लिहावे.

धर्मादाय रुग्णालयांवर याची जबाबदारी थोडी अधिकच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. हे बंधन खाटांच्या हिशेबात मोजले जाते. हृदयरुग्णाच्या गरजांचा मोठा भाग मात्र खाटेवर नव्हे, घरी असतो; आठवड्यातून एक फोन, महिन्याची औषधे, एखादी गृहभेट एवढ्यानेही तो हलका होऊ शकतो. दानशूरांनी दिलेले यंत्र भिंतीवरील पाटीवर दिसते. गृहभेटीला जाणाऱ्या परिचारिकेचा प्रवासखर्च कोठेही दिसत नाही. तरीही त्याचे मोल कमी नाही.

समारोप

आरंभी पाहिलेल्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. चौथ्या खेपेस ते दाखल झाले असता एखाद्या परिचारिकेने त्यांना व त्यांच्या पत्नीला वरील प्रश्न विचारले असे समजा. दुकानातील वेदनाशामक गोळ्या बंद होतील. गोळीची वेळ बदलेल. पाठीला उतरता टेकू देणारी खाट मिळेल. पुतण्या आठवड्यातून दोन रात्री येऊन झोपेल, म्हणजे पत्नीला झोप मिळेल. पुन्हा दम लागल्यास काय करावे, हे एका कागदावर लिहून तो भिंतीला लावला जाईल. आणि एका संध्याकाळी ते विचारतील, 'मी यातून बरा होणार का?' त्याचे खरे व मायेचे उत्तर त्यांना मिळेल.

त्यांचे हृदय यामुळे नवे होणार नाही. पाचव्यांदा दाखल होण्याची वेळही कदाचित येईल. पण या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती स्थिर' या शब्दांखाली आणखी चार ओळी असतील, आणि त्या चार ओळींत एक आजारी हृदय नव्हे, एक माणूस आणि त्याचे घर दिसेल. आयुष्य किती उरले आहे, हे सांगणे वैद्यकशास्त्राच्या हाती पूर्णपणे कधीच नव्हते. जे उरले आहे त्यात काय सलते, हे विचारणे मात्र प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक पाळीत, आजपासून शक्य आहे.